आव्हान स्वीकारणारा जगज्जेता

२६ डिसेंबर १९०८ चा दिवस होता. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या रशकटर्स बे या भागात, छप्पर नसलेल्या एका भव्य क्रीडागृहात सुमारे वीस हजार माणसे दाटीवाटीने बसली होती. साऱ्यांचे डोळे मधोमध बांधलेल्या चौकोनी रिंगणाकडे लागले होते. त्या रिंगणात दोन मुष्टियोद्धे समोरासमोर उभे होते. एक होता गोरा, आखूड बांध्याचा, जेमतेम पाच फूट सात इंच उंचीचा. दुसरा होता कृष्णवर्णीय, सहा फुटांहून किंचित अधिक उंच आणि वजनानेही बराच भारी. नवल असे, की जगज्जेता तो ठेंगणा होता आणि आव्हान देणारा तो उंच!

ठेंगण्या जगज्जेत्याचे नाव टॉमी बर्न्स. आव्हानवीराचे नाव जॅक जॉन्सन. त्या दिवसापर्यंत मुष्टियुद्धाच्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत भारी वजनगटातील एकाही जगज्जेत्याने आपले पद पणाला लावून कृष्णवर्णीय मल्लाशी सामना केला नव्हता. बर्न्सने तो केला. या गोष्टीचे श्रेय त्याला द्यावे की नाही, यावर शंभर वर्षे उलटून गेली तरी क्रीडारसिकांचे एकमत झालेले नाही. हा वाद समजून घ्यायचा, तर बर्न्सचे सारे आयुष्यच पाहावे लागते.

सामान्य घरातला मुलगा

टॉमी बर्न्स हे त्याचे खरे नाव नव्हे. त्याचे मूळ नाव नोआ ब्रुसो. १७ जून १८८१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, हॅनोव्हर या गावाजवळ त्याचा जन्म झाला. घराणे जर्मन वंशाचे. तेरा भावंडांत नोआचा क्रमांक बारावा. एवढ्या मोठ्या कुटुंबात बाराव्या मुलाच्या वाट्याला लाड फारसे येत नाहीत. आपली जागा आपणच मिळवायची, ही शिकवण त्याला लहानपणीच मिळाली असावी.

खेळांची आवड त्याला उपजतच होती. जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा लाक्रॉस हा कॅनडाचा आवडता खेळ तो चपळाईने खेळे. पुढे तो सीमेपलीकडील अमेरिकेच्या डेट्रॉइट शहरात आला आणि तेथे मुष्टियुद्धाकडे वळला. विसाव्या शतकाची ती पहिली वर्षे होती. १९०२ साली त्याने मिशिगन राज्याचे मध्यम वजनगटातील विजेतेपद मिळवले. १९०४ च्या सुमारास त्याने आपले नाव बदलले. एका लढतीत त्याचा प्रतिस्पर्धी गंभीर जखमी झाला होता आणि मुलाचा हा धंदा आईला मुळीच पसंत नव्हता, म्हणून त्याने नवे नाव घेतले, असे सांगितले जाते. नोआ ब्रुसो मागे पडला आणि टॉमी बर्न्स जगापुढे आला.

उंची कमी असली तरी बर्न्सचे हात त्या मानाने लांब होते. पाय चपळ होते आणि नजर तीक्ष्ण होती. प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे, त्याचा ठोसा चुकवायचा आणि क्षणार्धात आपला ठोसा हाणायचा, ही त्याची पद्धत. केवळ बळावर न विसंबता तो डोक्याने लढे. मुष्टियुद्धाच्या तंत्रावर त्याने लिहिलेले पुस्तक १९०८ साली प्रसिद्धही झाले.

एक न लिहिलेला नियम

मुष्टियुद्ध हा फार जुना खेळ. त्याला आजचे रूप आले ते १८६७ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांमुळे. हातांत मोजे घालावेत, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची असावी, दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळावी आणि खाली पडलेला खेळाडू दहा अंक मोजून होईपर्यंत उठला नाही तर तो हरला असे समजावे, हे नियम तेव्हापासून रूढ झाले. खेळाडूच्या वर्णाचा या नियमांत कोठेही उल्लेख नव्हता. तरीही अमेरिकेत एक नियम कागदावर न लिहिता पाळला जात होता. हेवीवेट गटाचा जगज्जेता गोराच असावा आणि त्याने कृष्णवर्णीयाचे आव्हान स्वीकारू नये, असा तो नियम. त्याला लोक वर्णरेषा म्हणत.

हलक्या वजनगटांत ही रेषा एवढी कडक नव्हती. जॉर्ज डिक्सन, जो वॉलकॉट, जो गॅन्स हे कृष्णवर्णीय खेळाडू आपापल्या गटांत जगज्जेते झाले होते. हेवीवेट गटाची गोष्ट मात्र निराळी होती. त्या गटाचा विजेता म्हणजे जगातील सर्वांत बलवान पुरुष, अशी लोकांची समजूत होती. त्या जागी कृष्णवर्णीय माणूस बसला तर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पनेला तडा जाईल, अशी भीती गोऱ्या समाजाच्या मनात होती. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून चाळीस वर्षे झाली होती. माणसांच्या मनांतून ती गेली नव्हती.

१८८२ साली विजेता झालेला जॉन सलिव्हन कृष्णवर्णीयांशी लढण्यास उघड नकार देई. त्याच्या काळात ऑस्ट्रेलियात नाव कमावलेला पीटर जॅक्सन हा कृष्णवर्णीय मल्ल अत्यंत गुणी म्हणून गाजत होता. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जेम्स कॉर्बेट याच्याशी त्याची एकसष्ट फेऱ्यांची लढत झाली, तरी कोणीच हरले नाही. पुढच्याच वर्षी कॉर्बेटला सलिव्हनशी लढण्याची संधी मिळाली आणि तो जगज्जेता झाला. जॅक्सनला मात्र अशी संधी कधीच मिळाली नाही. १९०१ साली क्षयाने त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतरचा नामवंत विजेता जेम्स जेफ्रीज. पद मिळण्यापूर्वी तो कृष्णवर्णीयांशी लढला होता. विजेता झाल्यावर मात्र त्यानेही तीच रेषा ओढली. १९०५ साली तो अपराजित राहून निवृत्त झाला. आव्हान नाकारल्याबद्दल या विजेत्यांना समाजाने दूषण दिले नाही. उलट, त्यांनी योग्य तेच केले असे मानणारे लोक बहुसंख्य होते. बर्न्सच्या कृतीचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

जगज्जेतेपद

जेफ्रीजच्या निवृत्तीनंतर रिकाम्या झालेल्या पदासाठी १९०५ च्या जुलै महिन्यात रेनो येथे लढत झाली आणि मार्विन हार्ट विजयी झाला. २३ फेब्रुवारी १९०६ रोजी लॉस एंजेलिस येथे हार्टची गाठ बर्न्सशी पडली. बर्न्स जिंकेल असे फार थोड्यांना वाटत होते. परंतु वीस फेऱ्यांच्या त्या सामन्यात त्याने हार्टला थकवले, चकवले आणि निर्णय आपल्या बाजूने खेचून आणला. हॅनोव्हरजवळचा तो बारावा मुलगा जगज्जेता झाला. हेवीवेट गटाच्या इतिहासात एवढ्या कमी उंचीचा जगज्जेता त्याच्याआधीही झाला नाही आणि नंतरही झाला नाही.

विजेता होताच बर्न्सने एक घोषणा केली. आपण कोणाचेही आव्हान नाकारणार नाही. मग तो कोणत्याही वर्णाचा वा देशाचा असो, असे त्याने जाहीर केले. घोषणा करणे सोपे असते. ती पुरी करण्यास त्याला जवळजवळ तीन वर्षे लागली.

या तीन वर्षांत तो स्वस्थ बसला नव्हता, हेही तितकेच खरे. पूर्वीचे विजेते वर्ष वर्ष न लढता नाट्यगृहांतून आपले प्रदर्शन करून पैसा मिळवीत. बर्न्स मात्र सतत लढत राहिला. जिम फ्लिन आणि फिलाडेल्फियाचा जॅक ओब्रायन यांच्याशी तो अमेरिकेत लढला. ऑस्ट्रेलियाचा बिल स्क्वायर्स मोठा गाजावाजा करीत आला, त्याला बर्न्सने ४ जुलै १९०७ रोजी पहिल्याच फेरीत आडवे केले. त्यानंतर तो समुद्र ओलांडून गेला. लंडनमध्ये त्याने गनर मॉयर आणि जॅक पामर यांना हरवले. १७ मार्च १९०८ रोजी डब्लिनमध्ये त्याने जेम रोश याला दीड मिनिटाच्या आत चीत केले. पुढे पॅरिस, सिडनी आणि मेलबर्न येथेही त्याने पद राखले. जगज्जेतेपद खऱ्या अर्थाने जगभर नेणारा पहिला विजेता म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

मात्र या साऱ्या प्रतिस्पर्ध्यांत जॅक जॉन्सनच्या तोडीचा एकही नव्हता. ही गोष्ट बर्न्सही जाणून होता आणि जगही जाणून होते.

पाठलाग करणारा आव्हानवीर

जॅक जॉन्सन याचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, गॅल्व्हस्टन या बंदरात झाला. त्याचे आईवडील पूर्वी गुलाम होते. १९०३ साली त्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे ठेवलेले हेवीवेट विजेतेपद जिंकले. बचावात तो अद्वितीय होता. प्रतिस्पर्ध्याचे ठोसे तो हवेतच झेलतो की काय, असे पाहणाऱ्याला वाटे. मार्च १९०५ मध्ये मार्विन हार्टने त्याला वीस फेऱ्यांच्या लढतीत हरवले होते. परंतु तो निर्णय अनेकांना मान्य नव्हता. १९०७ साली त्याने माजी जगज्जेता बॉब फिट्झसिमन्स याला दुसऱ्याच फेरीत गारद केले. जिम फ्लिनला नमवायला बर्न्सला पंधरा फेऱ्या लागल्या होत्या, जॉन्सनने ते काम अकराव्या फेरीत उरकले. आता विजेत्याशी लढण्याचा त्याचा अधिकार कोणालाही नाकारता येण्याजोगा नव्हता.

बर्न्स मात्र टाळाटाळ करीत होता. जॉन्सनने त्याचा पिच्छा सोडला नाही. बर्न्स लंडनला गेला, तेव्हा त्याच्यामागोमाग जॉन्सनही इंग्लंडात पोहोचला. बर्न्स ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा जॉन्सननेही ऑस्ट्रेलियाची वाट धरली. प्रत्येक ठिकाणी तो वृत्तपत्रांतून बर्न्सला लढायला बोलावी. विजेत्याला पळपुटा म्हणणारे लोक वाढू लागले. बर्न्सने अखेर आपली अट सांगितली. तीस हजार डॉलर, म्हणजे सहा हजार पौंड मिळाले तर आपण लढू, असे तो म्हणाला. त्या काळी मुष्टियुद्धात एका खेळाडूला एवढी रक्कम मिळाल्याचे कोणी ऐकले नव्हते. एवढे पैसे कोणी देणार नाही आणि लढण्याचा प्रसंगच येणार नाही, असा त्याचा हिशेब असावा, असे त्याचे टीकाकार म्हणतात.

हिशेब तसा असला, तरी तो चुकला. ह्यू मॅकिंटॉश नावाचा एक धाडसी ऑस्ट्रेलियन व्यावसायिक पुढे आला. १९०८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे आरमार सिडनीला येणार होते. त्या निमित्ताने होणाऱ्या गर्दीचा फायदा घ्यावा म्हणून त्याने रशकटर्स बे येथे मोठे क्रीडागृह उभारले होते. बर्न्सने मागितलेली संपूर्ण रक्कम देण्याचे त्याने मान्य केले. जॉन्सनला त्या मानाने फारच थोडे, हजार-दीड हजार पौंड मिळणार होते. त्याने तक्रार न करता ते स्वीकारले. संधी मिळणे हेच त्याच्या दृष्टीने मोठे होते.

चौदा फेऱ्या

बर्न्सचे वजन सुमारे ७६ किलो, जॉन्सनचे सुमारे ८७ किलो. उंचीत पाच इंचांचा फरक. पंच कोण असावा यावर दोघांचे एकमत होईना, तेव्हा मॅकिंटॉशनेच ते काम अंगावर घेतले. क्रीडागृहातील बहुतेक प्रेक्षक गोरे होते आणि बर्न्सच्या बाजूचे होते. सामना वीस फेऱ्यांचा ठरला होता.

पहिली फेरी सुरू होऊन काही क्षण होतात तोच जॉन्सनच्या एका ठोशाने बर्न्स जमिनीवर आला. तो उठला. दुसऱ्या फेरीत तो पुन्हा पडला आणि पुन्हा उठला. यापुढे सामना कसा होणार, हे जाणकारांना तेथेच कळून चुकले. जॉन्सनने त्याला लगेच संपवले नाही. इतकी वर्षे ज्याने टाळले, त्याला सगळ्यांसमोर फेरीफेरीने ठोकून काढावे, असे त्याने ठरवले असावे. तो हसत होता, डिवचत होता, प्रेक्षकांशी बोलत होता. बर्न्सही गप्प नव्हता. वर्णावरून हिणवणारे शब्द तो तोंडाने उच्चारीत होता. शब्दांची ही चकमक दोघांच्याही लौकिकाला शोभणारी नव्हती; पण बर्न्सच्या शब्दांत साऱ्या समाजाचे विष उतरले होते, हा फरक विसरता येत नाही.

बर्न्सचा चेहरा सुजला, तोंडातून रक्त वाहू लागले. तरीही प्रत्येक फेरीची घंटा वाजली की तो आपल्या कोपऱ्यातून पुढे येत राहिला. आपण हरतो आहोत हे त्याला कळत नव्हते असे नाही. मैदान सोडण्याचा विचार मात्र त्याने केला नाही. चौदाव्या फेरीत तो पुन्हा कोसळला आणि उठून उभा राहिला. त्याची स्थिती पाहून पोलिसांनी मध्ये पडून सामना थांबवला. मॅकिंटॉशने जॉन्सनचा हात उंचावला. हेवीवेट गटाला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता मिळाला.

ही वार्ता तारायंत्राने जगभर पोहोचली. प्रसिद्ध अमेरिकन लेखक जॅक लंडन सामना पाहायला हजर होता. त्याने वृत्तपत्रात जॉन्सनच्या कौशल्याचे वर्णन केले आणि त्याबरोबरच निवृत्त जेफ्रीजने परत येऊन हे पद गोऱ्यांकडे आणावे, असे आवाहनही केले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जेफ्रीज खरोखरच रिंगणात उतरला आणि पंधराव्या फेरीत पराभूत झाला. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि निरपराध माणसांचे प्राण गेले. एका खेळातील निकाल समाजाला किती झोंबू शकतो, हे त्यावरून दिसले.

उत्तरायुष्य

पराभवानंतर बर्न्स अधूनमधून लढत राहिला. पुढे त्याने कॅनडातील कॅलगरी येथे सामने भरवण्याचा व्यवसाय सुरू केला. २४ मे १९१३ रोजी त्याने भरवलेल्या एका सामन्यात ल्यूथर मॅकार्टी हा तरुण मुष्टियोद्धा पहिल्याच फेरीत कोसळला आणि मरण पावला. पाठोपाठ बर्न्सचे क्रीडागृह आगीत जळून गेले. या दुहेरी आघाताने त्याचा तेथील व्यवसाय बुडाला. जुलै १९२० मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो लंडनमध्ये जो बेकेटविरुद्ध शेवटची लढत लढला आणि हरला.

मिळवलेला पैसा त्याच्याजवळ टिकला नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत त्याची उरलीसुरली संपत्ती गेली. मग या माजी जगज्जेत्याने पोटासाठी मिळेल ते काम केले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याचे मन धर्माकडे वळले आणि १९४८ साली तो ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला. ज्या हातांनी एकेकाळी माणसे आडवी केली, तेच हात आता प्रार्थनेसाठी जोडले जाऊ लागले.

१० मे १९५५ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. सिडनीत वीस हजार लोकांनी पाहिलेल्या या माणसाच्या अंत्यविधीला अवघी चार माणसे होती, असे सांगतात. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९६१ साली तेथे नावाची पाटी बसवण्यात आली. १९९६ साली आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरवदालनात त्याच्या नावाचा समावेश झाला.

श्रेय कोणाचे आणि किती?

आता मूळ प्रश्नाकडे वळायला हवे. धोकादायक आव्हानवीराला सामोरे जाण्याचे श्रेय बर्न्सला द्यावे काय?

त्याच्या विरोधी बाजूचे म्हणणे बिनतोड वाटते. त्याने हे आव्हान मनापासून स्वीकारले नाही. जॉन्सनने अर्ध्या जगातून त्याचा पाठलाग केला, लोकांनी त्याची निंदा केली, मॅकिंटॉशने थैली मोकळी केली, तेव्हा कोठे तो तयार झाला. प्रतिस्पर्ध्याच्या कितीतरी पट पैसे त्याने घेतले. वर्णद्वेषापासून त्याचे मन मुक्त होते असेही नाही. रिंगणातील त्याचे शब्दच त्याची साक्ष देतात. शिवाय जॉन्सनला ही संधी म्हणजे कोणाचे उपकार नव्हते. तो त्याचा हक्क होता. ज्याचे देणे आहे ते उशिराने आणि व्याज घेऊन फेडणाऱ्याला दाता कसे म्हणावे?

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तेवढेच विचार करण्याजोगे आहे. बर्न्सवर कोणतीही सक्ती नव्हती. आधीच्या विजेत्यांनी नकार दिला आणि तरी ते लोकांचे लाडके राहिले. जेफ्रीजप्रमाणे अपराजित राहून निवृत्त होणे बर्न्सलाही शक्य होते. त्याने पैसे घेतले हे खरे; पण पैशांसाठी लढणे हाच त्याचा व्यवसाय होता, आणि पैसे मिळत असूनही न लढणारे विजेते त्याच्या आधी आणि नंतर होऊन गेले. समोरचा माणूस आपल्यापेक्षा उंच, भारी आणि कुशल आहे, हे जाणून तो रिंगणात गेला आणि मार खात चौदा फेऱ्या उभा राहिला.

या प्रश्नावर पुढच्या इतिहासाने जो प्रकाश टाकला, तो फार मोलाचा आहे. विजेता झालेल्या जॉन्सननेही आपल्या गटातील उत्तम कृष्णवर्णीय खेळाडूंना जवळजवळ दूरच ठेवले. सॅम लँगफर्ड हा कॅनडातच जन्मलेला अतिशय धोकादायक मुष्टियोद्धा होता. जॉन्सनने त्याला १९०६ साली हरवले होते. पण त्या वेळी लँगफर्ड वजनाने बराच हलका होता. पुढे त्याचे बळ वाढले आणि तो वारंवार आव्हान देऊ लागला, तेव्हा जॉन्सनने त्याच्याशी पुन्हा सामना केला नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात पैसा अधिक होता, धोका कमी होता. ज्याने स्वतः बंद दाराची व्यथा सोसली, त्यालाही दुसऱ्यासाठी दार उघडणे जड गेले.

१९१५ साली हॅवाना येथे जॉन्सन जेस विलार्डकडून पराभूत झाला आणि ते दार पुन्हा लागले. हॅरी विल्स या गुणी कृष्णवर्णीय खेळाडूने १९२० नंतर विजेता जॅक डेम्प्सीला आव्हान देण्यात उमेदीची वर्षे घालवली. तो सामना कधीच झाला नाही. अखेर १९३७ साली जो लुईसला संधी मिळाली आणि तो जगज्जेता झाला. म्हणजे १९१५ नंतर तब्बल बावीस वर्षे एकाही गोऱ्या विजेत्याने ते केले नाही, जे बर्न्सने १९०८ साली केले होते. नकार देणे किती सोपे आणि किती सुरक्षित होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

यावरून दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येतात. माणसाचा हेतू ही एक गोष्ट आणि त्याची कृती ही दुसरी. बर्न्सचा हेतू निर्मळ नव्हता, म्हणून त्याला समाजसुधारक म्हणता येणार नाही. ती लढाई जॉन्सनने आपल्या चिकाटीने आणि कौशल्याने जिंकली. मोठे श्रेय त्याचेच. परंतु बर्न्सच्या कृतीला धैर्य लागले आणि त्या कृतीतून एक अन्यायी रेषा पहिल्यांदा पुसली गेली, हेही नाकारता येत नाही. श्रेय पूर्ण नसले तरी शून्यही नसते. जेवढे आहे तेवढेच द्यावे, कमी नाही आणि अधिकही नाही, हाच खरा न्याय.

मोठी कामे नेहमी मोठ्या मनाचीच माणसे करतात असे नाही. पुष्कळदा ती सामान्य माणसांच्या हातून, लोभ आणि भीती यांच्यासह, नाइलाजाने घडतात. टॉमी बर्न्स असाच एक माणूस होता. अकरा वेळा त्याने आपले पद यशस्वीपणे राखले, तरी जग त्याला ओळखते ते ज्या सामन्यात त्याने ते गमावले त्या सामन्यामुळे. त्या दिवशी तो हरला. पण तो रिंगणात उतरला म्हणूनच पराभव शक्य झाला आणि पराभव शक्य झाला म्हणूनच जॉन्सनला न्याय मिळाला.